तारणहार नको, तालीम हवी!

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरच्या बाजूने निजामाच्या राज्यात शिरली. त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. नांदेडपासून आजच्या लातूरपर्यंत सारा मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर बरोबर एकोणपन्नास वर्षांनी, १३ सप्टेंबर १९९७ रोजी, दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली. हा निव्वळ योगायोग होय. परंतु या योगायोगाने एक अवघड प्रश्न उभा केला आहे. मराठवाड्यातील आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीला शक्तिमानच्या छातीवरील चक्राचा रंग सांगता येतो. पण १३ सप्टेंबरला सैन्य कोणत्या वाटेने आले आणि ते येण्यापूर्वी कोणी कोणी प्राण वेचले, हे तिच्यातील कितीजणांना सांगता येईल?

ही मालिका २००५ पर्यंत चालली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली. २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट काढण्याची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये मुकेश खन्ना यांनी शक्तिमान परत येत असल्याचे जाहीर केले. या प्रत्येक प्रसंगी प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडला. मालिकेपेक्षा या प्रतिक्रियाच अधिक अभ्यासण्यासारख्या आहेत. कारण एखादा समाज आपल्या नायकाकडून काय मागतो, यावरून त्या समाजाची प्रकृती कळते.

टीकाकारांचा कांगावा

पहिली प्रतिक्रिया आली ती महानगरांतील बुद्धिवाद्यांची. शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने काही मुलांनी उंचावरून उड्या मारल्या, स्वतःला पेटवून घेतले, अशी वृत्ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. निर्मात्यांनी त्यांतील काही वृत्तांचे खंडन केले. तरीही साहसदृश्यांचे अनुकरण करू नये, असे आवाहन खुद्द शक्तिमानच्या तोंडून मुलांना करण्यात आले. एकाही बालकाला इजा झाली असेल तर ती वेदना हसण्यावारी नेण्याची नव्हे. दक्षतेची मागणी योग्यच होती.

पण टीकाकार तेवढ्यावर थांबले नाहीत. मालिका बंद करा, अशी ओरड सुरू झाली. योग, कुंडलिनी, सप्तचक्रे, पंचमहाभूते यांचा उच्चार पडद्यावर होताच त्यांना अंधश्रद्धेचा वास येऊ लागला. सातासमुद्रापलीकडून आलेला परग्रहवासी आकाशातून उडत आला की ती कल्पनारम्यता. पण गंगाधर नावाचा एक भारतीय तपश्चर्येने शक्ती मिळवितो असे दाखविले की तो बुद्धिभ्रंश! हा न्याय कोणत्या विवेकाचा?

त्याच वर्षीचे जपानचे उदाहरण पाहावे. डिसेंबर १९९७ मध्ये तेथील 'पोकेमॉन' या मालिकेच्या एका भागातील झगझगत्या प्रकाशामुळे सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यातही बहुसंख्य मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. जपानने काय केले? प्रक्षेपण चार महिने थांबविले, कारण शोधले, प्रकाशझोतांविषयी नियम केले आणि मालिका पुन्हा सुरू केली. त्या निमित्ताने जपानी संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची बुद्धी तेथील विद्वानांना झाली नाही. दोष दुरुस्त करणे वेगळे आणि दोषाच्या आडून स्वत्वावर घाव घालणे वेगळे.

शिवाय, उडणारा नायक भारतीय मुलांना १९९७ मध्ये प्रथमच भेटला, असे थोडेच आहे? समुद्र ओलांडणारा, द्रोणागिरी उचलून आणणारा मारुती मराठवाड्याच्या प्रत्येक गावाच्या वेशीवर उभा आहे. बलोपासनेसाठी मारुतीची स्थापना करणारे समर्थ रामदास जालना जिल्ह्यातील जांबचे, याच मातीतले. मग मारुतीमुळे मुले बिघडतात, देवळे बंद करा, असे कोणाला का वाटले नाही? कारण मारुतीच्या देवळाशेजारी तालीम होती. उड्डाणाची गोष्ट आजीने सांगायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादाने जोर काढायला लावायचे, अशी ती रीत होती. मारुतीसारखे व्हायचे तर घाम गाळावा लागतो, हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नसे. लाल मातीच ते शिकवीत असे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये लातूरच्याच आखाड्यात महाराष्ट्र केसरी झाले, ते अशाच मातीतून घडले.

पडद्यावरचा नायक आला तेव्हा गोष्ट बदलली नव्हती; गोष्ट सांगणारे माणूस शेजारून उठून गेले होते. दूरचित्रवाणीसमोर मूल एकटे पडले होते. टीकाकारांना शक्तिमान दिसला, ते एकटेपण दिसले नाही.

समर्थकांची गफलत

परंतु टीकाकारांना उत्तर दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या हिंदू कुटुंबांनीही आरशात पाहण्याची आवश्यकता आहे. दुसरी प्रतिक्रिया त्यांची होती. आपला नायक आला, तो संस्कृतमिश्रित बोलतो, वडीलधाऱ्यांना नमस्कार करायला सांगतो, खोटे बोलू नये म्हणतो. आता मुलांच्या संस्कारांची चिंता मिटली! नांदेड-लातूरमधील कितीतरी सुशिक्षित घरांनी आठवड्याच्या अर्ध्या तासाला संस्कारांचे कंत्राट दिले आणि ती निश्चिंत झाली. मालिकेच्या अखेरीस शक्तिमान दोन उपदेशाच्या गोष्टी सांगत असे. मुले त्या पाठ करीत, पालक कौतुकाने ऐकत आणि मग दूरचित्रवाणी संच बंद होई. त्यानंतर घरात काय होत असे? शाळा, शिकवणी, गुणांची शर्यत. परीक्षेच्या 'लातूर पॅटर्न'ने जिल्ह्याला कीर्ती दिली, त्याबद्दल अभिमान जरूर असावा. पण सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवणीवर्गात बसणाऱ्या मुलाच्या दिनक्रमात मैदानाला जागा कोठे उरली?

या मालिकेचे मर्म लक्षात घेतले असते तर ही गफलत झाली नसती. शक्तिमानला शक्ती वरदानात मिळाली नव्हती. सूर्यांशी गुरूंच्या मार्गदर्शनाखाली त्याने साधना केली, अग्निपरीक्षा दिली, चक्रे जागृत केली. शक्ती कमवावी लागते, हा कथेचा गाभा. प्रेक्षकांनी मात्र उचलला तो पोशाख आणि ती गिरकी. साधना गुरूंकडे राहिली, गिरकी घरी आली. संकटात आपण काय करू, याऐवजी आपल्याला वाचवायला कोण येईल, हा प्रश्न मुलांच्या मनात रुजला; आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो मोठ्यांच्या मनात आधीपासूनच मुरलेला होता. धर्माला ग्लानी येईल तेव्हा कोणीतरी अवतार घेईल, तोवर आपण हात जोडून बसावे, ही हिंदू समाजाची जुनी व्याधी आहे. डॉ. हेडगेवारांनी संघटनेचा मार्ग धरला तो या व्याधीवर औषध म्हणूनच.

गोदावरीकाठचा धडा

चमत्कार आणि पराक्रम यांतील फरक समजून घेण्यासाठी नांदेडकरांना दूर जायला नको. गोदावरीच्या काठी १७०८ मध्ये माधोदास नावाचा बैरागी आश्रम करून राहत होता. त्याला सिद्धी प्राप्त होत्या, अशी परंपरा सांगते. गुरू गोविंदसिंग नांदेडला आले तेव्हा त्याने त्या सिद्धी त्यांच्यावर चालवून पाहिल्या आणि त्या निष्फळ ठरल्या, असेही परंपरा सांगते. गुरूंनी त्याला मोठा चमत्कार शिकविला नाही. त्याला त्याच्या कर्तव्याची जाणीव दिली, हाती बाण दिले आणि पंजाबकडे धाडले. तोच बंदा बहादूर. त्याने १७१० मध्ये सरहिंद जिंकले आणि १७१६ मध्ये दिल्लीत हालहाल सोसून मृत्यू पत्करला, पण धर्म सोडला नाही. सिद्धी सोडल्या तेव्हा बंदा वीर झाला! नांदेडचा बंदा घाट आजही याची साक्ष देतो. हजूर साहिबला दर्शनाला जाणाऱ्या किती हिंदू कुटुंबांनी आपल्या मुलांना त्या घाटावर उभे करून ही कथा सांगितली आहे?

लातूरकरांचा धडा याहून ताजा आणि रक्ताळलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसराची भूमी हादरली. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या भागांतील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्या पहाटे आकाशातून कोणी उतरले नाही. जे आले ते शेजारच्या गावांतून, चिखल तुडवीत आले. सैन्याचे जवान आले. जनकल्याण समितीचे स्वयंसेवक आले. त्यांनी कुजू लागलेले देह बाहेर काढले, अंत्यसंस्कार केले. लातूरमध्ये १९६६ पासून उभ्या असलेल्या विवेकानंद रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जखमींसाठी रात्रीचा दिवस केला. ज्ञान प्रबोधिनीने आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हराळी येथे शाळा उभारली. यांतील कोणाच्याही अंगावर चमकता पोशाख नव्हता. आणि चारच वर्षांनी, त्याच तालुक्यांतील पत्र्याच्या घरांत, मुले पडद्यासमोर बसून तारणहाराची वाट पाहू लागली. त्यांना खरे तारणहार कोणी दाखविलेच नव्हते.

आज तिसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया ऐकू येते. नव्या शक्तिमानची भूमिका कोणी करावी, हॉलिवूडच्या तोडीची दृश्ये जमतील का, जुना नट आता शोभेल का, यावर तावातावाने चर्चा झडतात. बालपणाच्या आठवणींनी हळवे होणे स्वाभाविक आहे. पण चाळिशीला आलेला पिता आपल्या मुलासमोर केवळ पोशाखाची चर्चा करतो, तेव्हा तो अजून प्रेक्षकच राहिला आहे, हे मान्य करावे लागते. प्रेक्षक असणे हा गुन्हा नव्हे; आयुष्यभर प्रेक्षकच राहणे ही मात्र शोकांतिका होय.

निजामाला कळले होते

शक्ती कोठून येते, हे एका माणसाला अचूक कळले होते. तो म्हणजे निजाम. त्याच्या राजवटीत कथा-कीर्तनांच्या बरोबरीने आखाड्यांवरही निर्बंध होते. खासगी आखाड्याला सरकारी परवानगी लागे. मारुतीची गोष्ट ऐकणारा हिंदू त्याला चालला असता, पण मारुतीसमोर जोर काढणारा हिंदू चालणारा नव्हता! आर्य समाजाने हे ओळखून व्यायामशाळांचा आग्रह धरला. उदगीरचे भाई श्यामलाल त्या कार्यात झिजले आणि १९३८ मध्ये बिदरच्या कारागृहात त्यांचा अंत झाला. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्ये हत्या झाली. उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या आश्रयाने तरुणांनी रझाकारांशी झुंज दिली. हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालविली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये प्राण दिले. शक्तिमानचा गंगाधर वृत्तपत्रात काम करीत असे, हे मुलांना ठाऊक आहे. सत्य लिहिल्याबद्दल प्राण देणारा खराखुरा पत्रकार त्यांना ठाऊक नाही. या सर्वांचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे भगवी वस्त्रे नेसणारे संन्यासी होते. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले आहे. पण त्या विद्यापीठाच्या पदव्या घेणाऱ्यांपैकी किती जण त्यांचे चरित्र वाचतात?

तेव्हा शक्तिमान परत यावा की न यावा, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. तो आला तर मुलांनी तो अवश्य पाहावा. मात्र पालकांनी शेजारी बसून पाहावा आणि संच बंद झाल्यावर तोंड उघडावे. येत्या १३ ते १७ सप्टेंबरच्या पाच दिवसांत प्रत्येक घराने एक गोष्ट सांगावी. एका सुटीच्या दिवशी अर्जापूर, हत्तीबेट किंवा बंदा घाट येथे मुलांना घेऊन जावे. आणि गावातील, गल्लीतील बंद पडलेल्या तालमीचे कुलूप काढावे, तेथे मुलांना पाठवावे, शक्य तर स्वतःही उतरावे. मुलगी असेल तर तिलाही पाठवावे. संकट मुलगा-मुलगी पाहून येत नाही.

निजामाने ज्या आखाड्यांवर निर्बंध लादले, ते स्वतंत्र मराठवाड्यात कोणाच्याही हुकुमावाचून ओस पडावेत, यासारखा पराभव नाही. तो पराभव धुऊन काढायला कोणी आकाशातून उतरणार नाही. कुलपाची किल्ली गल्लीतल्याच कोणाकडे तरी आहे. ती मागायला जावे.