कातरकामाचे मोल

सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाला ठाऊक आहे ते १७२४ सालच्या लढाईमुळे. निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव येथेच केला. अशा गावांतील व्यापारी घरांत धंदा म्हटला की धान्य, कापड, किराणा हेच डोळ्यांसमोर येते. घरातील लेक किंवा सून कागद कातरून अष्टमंगल साकारते तेव्हा तिचे कौतुक होते. मात्र ते काम विकायचे ठरले की, ‘कागदाला एवढे पैसे कोण देणार?’ हा प्रश्न प्रथम घरातूनच येतो.

वस्तुतः मोल कागदाचे नसतेच. मथुरेची सांझी कागदी साच्यांच्या कातरकामावर उभी आहे. चीनच्या कागदकर्तनकलेला युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. एकसंध कागदावरील नंद्यावर्त कापताना प्रत्येक रेषा कुठेतरी चौकटीला जोडलेली राहावी लागते. आतील बारीक भाग आधी, बाहेरील मोठे भाग शेवटी. पाती वळवायची नाही, कागद फिरवायचा. पाती बोथट झाली की कड फाटते आणि चार तासांचे श्रम वाया जातात. संवत्सरीच्या क्षमापना-पत्रिकांची मागणी नेमकी पावसाळ्यात येते, तेव्हा दमट कागद अधिकच दगा देतो.

आता हिशेब पाहावा. समजा, एका चौकटीस चार तास लागले. तासाला शंभर रुपयांप्रमाणे मजुरी चारशे, कागद व पाती चाळीस, वेष्टन साठ. एकूण खर्च पाचशे. दुकानदार विक्रीकिमतीवर तीस टक्के घेतो, म्हणून कलावती पाचशेवर तीस टक्के चढवून साडेसहाशे किंमत ठेवते. त्यातून एकशे पंचाण्णव रुपये दुकानदाराचे गेले की हाती चारशे पंचावन्न उरतात. अर्थात प्रत्येक नगामागे पंचेचाळीस रुपयांचा तोटा! निव्वळ खर्च निघण्यासाठीच किंमत सुमारे सातशे पंधरा हवी, नफा त्यापुढचा. व्यापारी घरातील ज्येष्ठांना ही चूक क्षणात दिसते, परंतु तिच्या वहीत डोकावण्याची गरज त्यांना वाटत नाही.

दुसरा प्रश्न जांगडीचा. कातरकाम बहुधा जांगड दिले जाते. चार महिन्यांनी ते धुळकट, दुमडलेले परत आले तर नुकसान कोणाचे? माल देतानाच नगांची संख्या, परतीची मुदत आणि खराबीची जबाबदारी लिहून घ्यावी. धान्याच्या पोत्याला जी चिठ्ठी लागते, ती कलेच्या चौकटीलाही लागते.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. एखादी रचना लोकप्रिय झाली की तिची छायाप्रत काढून लेझर यंत्रावर शेकडो नग कापले जातात आणि ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकले जातात. स्वस्तिक, कलश, मत्स्ययुगल ही चिन्हे सर्वांची आहेत. पण त्यांची विशिष्ट मांडणी करणारीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ कलाकृतीचा हक्क निर्मात्याकडे असतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कायद्याच्याही कितीतरी आधी तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ सांगितला आहे. नकली वस्तू अस्सल म्हणून विकणे हा त्याचाच अर्थ. यंत्राचे काम यंत्राचे म्हणून विकण्यात दोष नाही. दोष आहे तो खोट्या नावात.

यंदा क्षमापना-पत्रिका किंवा कुंकुमपत्रिका करून घेताना श्रावक कुटुंबांनी दोन गोष्टी पाळाव्यात. काम कोणाच्या हातचे आहे हे विचारावे, आणि घरच्या किंवा शेजारच्या मुलीकडून करवून घेतल्यास नात्याची सवलत मागू नये. ज्या दिवशी तिचा खर्च आणि विक्री पेढीच्या वहीत स्वतंत्र खात्यावर चढेल, त्या दिवसापासून तो छंद न राहता व्यवसाय होईल.