ताकदीची पुडी, तपासून घ्या

भातखाचरात युरिया टाकण्याआधी माती तपासा, असे आम्ही कृषी खात्याची माणसे भिवंडी तालुक्यात गावोगाव सांगतो. मग स्वतःच्या अंगाला 'ड' जीवनसत्त्व बिनतपासणीचे कसे चालते? दुकानातल्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ६०० युनिट धरली आहे. म्हणून डॉक्टर ती आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच देतात. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून रोज घेतली, तर रक्तात कॅल्शियम चढते. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि पुढे मूत्रपिंडावर घाला!

काहींना तर नेहमीचा डोसही सोसत नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत हे जीवनसत्त्व जास्त पडले. काही बाळे आजारी झाली, बाकीची ठणठणीत राहिली. जादा जीवनसत्त्व मोडणारे जनुकच काहींत बिघडलेले असते, हे २०११ मध्ये उलगडले. क्षयरोग्यांतही कॅल्शियम असे वाढू शकते.

पुडी वाईट नाही, हाडांना ती लागतेच. पण क्षय वा मुतखडा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, रक्त तपासा. ग्रामपंचायतींनी व आशाताईंनी हा विषय ग्रामसभेत जरूर घ्यावा.