खानेसुमारी आणि कोयता
आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी जनगणनेसाठी ‘खानेसुमारी’ हाच शब्द असे. निजामी अमदानीतील उर्दू दफ्तरात तिला ‘मर्दुमशुमारी’ म्हणत. पहिल्या शब्दात घरांची मोजदाद आहे, दुसऱ्यात माणसांची. आणि बालाघाटाच्या रांगेतील जळकोट, अहमदपूर, कंधार, मुखेड या तालुक्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात पहिलीच आली आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

२०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार भरली. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे खेड्यांत राहणारी. परंतु ही गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना. दसरा झाला की मुकादमाची उचल अंगावर घेतलेली जोडपी, ज्यांचा हिशेब दोन माणसे म्हणून नव्हे तर ‘एक कोयता’ म्हणून होतो, लहान लेकरांसह पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळेसाठी ठेवलेली मुले आणि कुलुपे. जनगणनेचा नियम असा की गणनेच्या संपूर्ण काळात जो गावाबाहेर असेल त्याची नोंद गावात होत नाही; तो जेथे आढळेल तेथे व्हावी. आता या फडातून त्या फडाकडे सरकणाऱ्या टोळीची कोपी प्रगणकाला कोणत्या दिवशी आणि कोणत्या शिवारात आढळावी?

आणि आढळली तरी तो आकडा परक्या जिल्ह्याच्या खात्यावर चढतो, जेथे त्या कुटुंबाचे ना मत असते, ना मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर. ही केवळ कागदाची बाब नव्हे. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या, वित्त आयोगाचा निधी, तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र हा सपाट प्रदेशाचा मापदंड, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्याचा इष्टांक, हे सारे त्याच आकड्यावर उभे आहे. मजूर गावी परततो तो आजारपण घेऊन, आणि ज्या उपकेंद्राच्या पायरीवर तो बसतो ते त्याला वगळून मंजूर झालेले असते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून लातूर वेगळा झाला, पुढे जळकोटासारखे लहान तालुकेही झाले. कचेरी जवळ आली, हे मी मनापासून मानतो. पण कचेरीच्या दफ्तरात रयतेची गणतीच अपुरी असेल तर त्या जवळिकीचा उपयोग अर्धाच राहतो.

आगामी जनगणनेतही माणसांची गणना फेब्रुवारी २०२७ मध्येच योजिली आहे. हंगामी तोडणीस गेलेल्या कुटुंबाची नोंद त्याच्या मूळ गावी धरावी, अशी नियमात दुरुस्ती व्हावी, अशी माझी मागणी आहे. ते न घडल्यास दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याकरवी गावोगाव स्थलांतरितांची नोंदवही ठेवावी, आणि शासनाने धान्य व आरोग्य यांची तरतूद करताना ती प्रमाण मानावी. हंगामी वसतिगृहांसाठी मुलांच्या याद्या होतातच. त्याच वहीत आईबापांचीही नावे लिहिता येतील. मात्र ही वही दसऱ्याआधी उघडावी लागेल, कारण त्यानंतर वेशीत टोळ्यांचे ट्रक उभे राहतात आणि दोन-चार दिवसांत गल्ल्या रिकाम्या होतात.