प्लुटोनियमचा जमाखर्च

निसर्गाने दिलेल्या वस्तूंचा हिशेब निसर्ग ठेवतो. मनुष्याने निर्माण केलेल्या वस्तूंचा हिशेब मनुष्यानेच ठेवावयास हवा. प्लुटोनियम हा धातू पृथ्वीच्या पोटात नाममात्रच सापडतो. १९४१ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे ग्लेन सीबोर्ग व त्यांचे सहकारी यांनी तो सिद्ध केला, आणि त्यानंतर अवघ्या साडेचार वर्षांत, ९ ऑगस्ट १९४५ रोजी, त्याच्या सुमारे सहा किलोंनी नागासाकी शहर बेचिराख केले. अशा धातूस पाताळाच्या रोमन अधिपतीचे नाव मिळावे, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

तथापि या धातूस केवळ संहारक म्हणणे अन्यायाचे होईल. अणुभट्टीत युरेनियमचा अणू न्यूट्रॉन शोषून घेतो व दोन पायऱ्यांनी प्लुटोनियममध्ये पालटतो. वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून तो वेगळा काढता येतो, आणि मग तो स्वतःच इंधन बनतो. युरेनियम थोडे व थोरियम विपुल अशा आपल्या देशाकरिता डॉ. होमी भाभा यांनी जी त्रिस्तरीय योजना आखली, तिच्यात प्लुटोनियम हाच पहिल्या पायरीवरून दुसरीवर नेणारा पूल होय. कल्पाक्कम येथील ५०० मेगावॅटच्या अणुभट्टीचा गाभा भरण्यास मार्च २०२४ मध्ये प्रारंभ झाला, तो याच विचाराचे फळ. त्याचाच दुसरा प्रकार, प्लुटोनियम-२३८, हा १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांना सूर्यापासून कोट्यवधी मैलांवर वीज पुरवीत आला.

मग चिंता कशाची? प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षांचे आहे. त्याचे अल्फा किरण कागदानेही अडतात. पण त्याची धूळ श्वासावाटे आत गेली, तर फुप्फुसांत व हाडांत ठाण मांडून ती कर्करोगास कारण होऊ शकते. ज्या धातूपुढे साम्राज्यांचे आयुष्यही क्षणभंगुर, त्याच्या राखणीस पाच वर्षांची सरकारे पुरी पडतील काय?

जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी ट्रॉम्बे येथील प्लुटोनियम कारखान्याचे उद्घाटन केले. हा कारखाना भारतीय अभियंत्यांनी उभारला, याचा आम्हांस आजही अभिमान वाटतो. परंतु त्याच वर्षी चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारतीय व अमेरिकन गुप्तहेर खात्यांनी प्लुटोनियमवर चालणारे एक यंत्र नंदादेवी शिखराकडे नेले. हिमवादळामुळे ते वाटेतच ठेवावे लागले, आणि पुढील वर्षी शोधूनही सापडले नाही. गंगेस पाणी पुरविणाऱ्या त्या हिमप्रदेशात काय हरवले, हे देशास १९७८ साली कळले. तेही एका अमेरिकन नियतकालिकाने वाचा फोडल्यावर, पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावे लागले तेव्हा!

या प्रकरणाचा धडा आपण घेतला असे म्हणवत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. पण भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुरक्षिततेवरील देखरेख २००० साली या मंडळाकडून काढून केंद्राच्या अंतर्गत व्यवस्थेकडे सोपविण्यात आली. केंद्रातील शास्त्रज्ञांच्या निष्ठेविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. परंतु खजिनदारानेच स्वतःची वही तपासावी, ही पद्धत गावच्या देवस्थानातही चालत नाही. मग मुंबईसारख्या महानगराच्या कुशीतील संस्थेत ती का चालावी?

शस्त्रांसाठी किती प्लुटोनियम साठविले, हे शत्रूस सांगावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कामगारांस किती किरणोत्सर्ग सोसावा लागला, टाकाऊ द्रव कोठे व कसे ठेवले, अपघात किती घडले, ही माहिती दडवून देशाचे संरक्षण होत नाही. फक्त अधिकाऱ्यांचे होते. जे वर्षानुवर्षे शेजारी राहतात, त्यांना ही माहिती दरवर्षी आणि स्वतंत्र तपासनिसाच्या सहीने मिळाली पाहिजे. हजारो वर्षांचे ओझे पुढील पिढ्यांच्या माथी ठेवणाऱ्यांनी निदान वही तरी स्वच्छ लिहून ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.