ट्रॅक्टरला टेप लावा, पण आधी फ्यूज लावा



हंगाम तोंडावर आलाय. ट्रॅक्टरची ऑइलं बदलून झाली, ट्रॉलीच्या टायरी बघून झाल्या, आणि आता पोरांची गर्दी टेपवाल्याच्या दुकानात. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, ट्रॅक्टरच्या टेपाची आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

दोन हंगामांमागं आमच्या थोरल्यानं ट्रॅक्टरला कारचा टेप बसवून घेतला. दोन लंबगोल स्पीकर, एक बेसचा नळा आणि त्याला अॅम्प्लिफायर. सगळं मिळून अकरा हजार. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणलो असतो, हे त्याला माहीत होतं.

डिसेंबरातली रात्र. गाडी कारखान्याच्या अड्ड्यात नंबराला उभी. पोरगा टेप चालू ठेवून सीटवरच पेंगला होता. डॅशबोर्डखालनं धूर निघाला. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरला गेलेली वायर लालभडक होऊन तिचं प्लॅस्टिक गळायला लागलेलं. शेजारच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं हाताला पोतं गुंडाळून वायर हिसडून तोडली, म्हणून भागलं. त्या भल्या माणसाचा तळहात भाजला. मागं आमच्या दोन ट्रॉल्या, पुढं-मागं दुसऱ्यांच्या गाड्या, खाली वाळलेलं पाचट, आणि पलीकडं बैलगाडीवाले अंथरूण टाकून झोपलेले. पेट घेतला असता तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

सकाळी मी लई बोललो. टेप काढून उकिरड्यावर टाक म्हणलं. पोरगा एवढंच म्हणला, "अण्णा, टेप जळला नाही. वायर जळली."

राग शांत झाल्यावर मला ते पटलं. विहिरीवरची मोटार जळली म्हणून आपण मोटार वापरायचं सोडतो का? स्टार्टर बघतो, ओव्हरलोड रिले बघतो, फ्यूजची तार बघतो. मग इथंच टेपाला शिव्या कशापायी?

गावातल्या मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं आणि सगळं उकलून बघितलं. दुकानदारानं बॅटरीच्या प्लसवरनं वायर थेट काढलेली. पत्र्याला भोक पाडून त्यातनं आत घेतलेली, भोकाला रबरी बुश नाही. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं पत्र्याच्या धारेवर वायर घासत राहिली, तांबं उघडं पडलं आणि पत्र्याला टेकलं. पत्रा म्हणजे मायनस. झाला शॉर्ट.

मी म्हणलं, "अहो, पण अॅम्प्लिफायरला फ्यूज होता की." मिस्त्री म्हणले, "होता, पण वायरीच्या पलीकडच्या टोकाला. शॉर्ट झाला मधेच. फ्यूजपर्यंत करंट गेलाच नाही, तर तो उडणार कसा? फ्यूज टेपासाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपाशी पाहिजे."

मंडळी, हे एक वाक्य डोक्यात ठेवा. ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टर फिरवताना शेकड्यानं अँपिअर देते. तेवढी ताकद बारक्या वायरीत एकदम घुसली तर वायर काही सेकंदांत निखारा होते. बारा व्होल्टला माणसाला झटका बसत नाही, म्हणून आपण त्याला खेळणं समजतो. झटका देत नाही, पण आग लावतो.

मग आम्ही सगळं परत जोडलं. काय काय केलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढला. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर ठिणगी ठरलेली. जोडताना मायनस शेवटी.

दुसरं, प्लसपासून एका हाताच्या आत फ्यूज. टेपाची वायर वेगळी, तिला 10 अँपिअर. अॅम्प्लिफायरची वेगळी, तिला 30. टेपावर आणि अॅम्प्लिफायरवर कंपनीनं जो आकडा दिलाय तोच घ्यायचा. उडाला म्हणून मोठा घालायचा नाही, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची तर मुळीच नाही. दोन्ही फ्यूज होल्डरसकट दोनशेच्या आत आले. अकरा हजारांच्या सामानात हे दोनशे कुणाला सुचले नव्हते.

तिसरं, वायरीची जाडी. 360 वॅटला घरच्या 230 व्होल्टवर दीड-पावणेदोन अँपिअर लागतात. तेच 360 वॅट बारा व्होल्टवर 30 अँपिअर खातात. व्होल्टेज कमी तिथं वायर जाड, हे साधं गणित. आम्ही टेपाला अडीच एमएम आणि अॅम्प्लिफायरला सहा एमएम तांब्याची वायर घातली. पत्र्यातनं जाते तिथं रबरी बुश, बाकी सगळीकडं नळीतनं, आणि सायलेन्सरपासून लांब. पीळ मारून काळी चिकटपट्टी गुंडाळलेले जॉइंट हादऱ्यानं सुटतात, म्हणून थिंबल दाबून बसवली.

चौथं, पिवळी आणि लाल वायर. बहुतेक कारटेपांना पिवळी कायम करंटची असते, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल वायर किल्लीची. काळी मायनस. आमच्या दुकानदारानं लाल-पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीला दिली होती. म्हणजे किल्ली काढली तरी टेप अर्धा जागाच. अर्धा अँपिअर जरी खाल्ला तरी 24 तासांत 12 अँपिअर-तास गेले. चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की 48. आमचा ट्रॅक्टर सकाळी ढकलून सुरू करावा लागायचा, आणि आम्ही बॅटरीला दोष देऊन नवी बॅटरी आणली! आता लाल वायर किल्लीवरनं घेतलीय. जुनी बॅटरी अजून स्प्रे पंपाला चालते.

पाचवं, स्पीकर. हल्लीच्या टेपात स्पीकरची एकही वायर बॉडीला जोडायची नसते. जुन्या रेडिओची सवय असलेले लोक एक वायर चेसीला देतात आणि टेपाचा आयसी उडवतात. दोन्ही वायरी टेपातनंच न्यायच्या. आणि एकाच जोडीवर चार ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की दोन ओहम होतात, टेप तापतो.

आणखी एक. खोक्यावर 4×50 वॅट लिहिलंय म्हणून भुलू नका. मागं फ्यूज 10 अँपिअरचा असेल, तर बारा दाहे एकशेवीस. दोनशे वॅट येणार कुठनं? आणि हे सगळं शेवटी अल्टरनेटरलाच भरायचंय. पुढचे दोन दिवे मिळून दहा अँपिअर घेतात. तुमच्या अल्टरनेटरवर 36 लिहिलं असेल, तर दिवे आणि 30 अँपिअरचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात एकदम बसत नाहीत. मग दिवे मंद होतात. रात्रीच्या रस्त्यावर दिवे आधी, गाणं मागनं.

आता माझं मत. दर हंगामाला ऊसगाड्यांच्या टेपावर बंदीची चर्चा होते. मला ती बंदी अर्धी पटते, अर्धी पटत नाही. पटते ती आवाजापायी. दोन ट्रॉल्या जोडल्यावर मागच्या ट्रॉलीची पिन निघाली, टायर बसलं, कुणी हॉर्न मारला, तर ड्रायव्हरला ते फक्त कानानं कळतं. कान बंद म्हणजे मागची ट्रॉली बेवारस. शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 लोकांच्या झोपेची वेळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, पण गावातनं जाताना आवाज कमी करायला नियम तरी कशाला लागावा?

पटत नाही ती एवढ्यासाठी, की ज्यानं रात्र-रात्र अड्ड्यात नंबराची वाट बघितलीय त्यालाच टेपाची सोबत कळते. नुसता टेप जप्त करून वायरिंग सुधारत नाही. पोरगं परत लपूनछपून बसवतंय, ते आणखी कच्चं.

त्यापेक्षा असं करा. गाड्यांचे करार होतात त्याच दिवशी कारखान्यावर एक वायरमन बसवा. त्यानं टेपाचा फ्यूज, ट्रॉलीचा मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर बघावा, मगच गाडी नोंदवावी. कृषी सहायक, शेती अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना विनंती आहे, ऊस बैठकीत खतांच्या डोसाबरोबर पंधरा मिनिटं ह्यालाही द्या.

आमच्या घरचा नियम आता ठरलाय. उभ्या गाडीत टेप वाजव, पण शेजारी झोपलेला उठता कामा नये. भरलेली ट्रॉली ओढताना मागच्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. नाही आला तर टेप बंद. पोरगा पाळतो. तो धूर त्यानं बघितलाय.

उद्या सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आधी बॉनेट उघडा. प्लसवरनं निघालेली प्रत्येक जादा वायर बोटानं धरून पुढं जा. एका हाताच्या आत फ्यूज सापडला नाही, तर ती वायर तिथंच सोडवून ठेवा आणि मग कामाला लागा. आणि तुमच्याकडं असं काही घडलं असेल तर जरूर लिहा, दुसऱ्या कुणाचा तरी ट्रॅक्टर वाचेल.