फुकटच्या फोनचा हिशेब

नांदेड-लातूरकडे सध्या जो तो सल्ला देतो : लँडलाइन काढून टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट बोलता येतं. फुकट? मग स्मार्टफोनचे आणि दर महिन्याच्या रिचार्जचे पैसे कोण भरतं?

तुलना करायचीच तर नीट करू. व्हॉट्सअ‍ॅपचा फोन समोरही व्हॉट्सअ‍ॅप असेल तरच लागतो. ११२ लागत नाही. स्काइपवरून पैसे भरून साध्या फोनवर बोलता यायचं, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. बीएसएनएलची ‘विंग्स’ २०१८ साली आली. तिच्यावरून कुठलाही नंबर लागतो, पण ती फुकट नाही. दुबईत व्हॉट्सअ‍ॅप कॉलला मनाई, म्हणून तिथल्या पोरांसाठी बोटिम वेगळं.

जुन्या तांब्याच्या तारेतून वीज एक्स्चेंजकडूनच यायची, सुमारे ४८ व्होल्ट. घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. राउटर मात्र वीज गेली की मेला, आणि मराठवाड्यात वीज जाते हे मी कुणाला सांगू? तारही महिनोन्‌महिने मुकी पडायची, हे कबूल.

पण तो फोन घराचा होता. घंटी वाजली की शाळेचं तोंड न पाहिलेली अम्मीसुद्धा उचलायची. आता तिला बहिणीशी बोलायचं तर मुलगा कामावरून येईपर्यंत थांबायचं, मग त्याने लॉक उघडून द्यायचं. याला सोय म्हणतात!

फायबर घेणार असाल तर त्यावर टेलिफोन संचही जोडून मागा. राउटरला छोटा यूपीएस लावा. आणि संच अम्मीच्या हाताशी ठेवा.