गारगाईआधी कोयना आठवा

गारगाई धरणाच्या भिंतीचे काँक्रीट पडण्याआधी तिच्या भूकंपसुरक्षेचा संपूर्ण अहवाल मुंबई महापालिकेने जनतेपुढे ठेवलाच पाहिजे. रोजचे ४४० दशलक्ष लिटर पाणी उपनगरांना हवेच आहे. पण ज्या पालघर जिल्ह्यात ही भिंत उभी राहणार, तिथेच डहाणू-तलासरीतल्या घरांना नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या धक्क्यांनी तडे गेले आहेत.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरण फुटले नाही, हे खरे. पण गुरुत्वाच्या अवघे ५ टक्के भूकंपबल गृहीत धरून बांधलेल्या त्या भिंतीला त्याच्या कितीतरी पट हादरा बसला आणि जिथे तिचा उतार एकदम बदलतो, नेमक्या त्या मानेपाशी आडव्या भेगा पडल्या. गारगाईचीही भिंत अशा धक्क्यात टिकली तरी तपासणी-दुरुस्तीसाठी जलाशय उतरवण्याची वेळ येऊ शकते. तसे झाल्यास भांडुप जलशुद्धीकरण संकुलाकडे येणारा ओघ घटेल आणि मुलुंड-घाटकोपरच्या टेकड्यांवरचे, आजही कसेबसे वाहणारे नळ आधी कोरडे पडतील.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार ३० मीटर व त्याहून उंच धरणांना भूकंपमापन केंद्र बंधनकारक आहे. महापालिकेच्याच मध्य वैतरणा धरणाच्या १०२ मीटर उंच भिंतीपाशी ते चालू आहे काय आणि त्याच्या नोंदी कोण वाचतो, याचे लेखी उत्तर महापालिकेने पावसाळ्यापूर्वी द्यावे.